बघून ठेवणे

ऐरोलीच्या खाडीत आमचे सत्तावीस मनोरे उभे आहेत,
पाय चिखलात, गुडघे तिवरांत,
आणि मी सातव्या मजल्यावर, एसीत,
त्यांचं वय काढत बसलेय.

वय म्हणजे उभारणीची तारीख नव्हे.
वय म्हणजे चिनी मातीच्या चकत्यांवर साचलेलं मीठ,
पिनेच्या मानेशी झिजलेलं जस्त,
ॲल्युमिनियमच्या पेडांआड बसलेली पोलादी तार,
जिचा गंज बाहेरून दिसत नाही.
हिवाळ्यात पहाटे धुकं उतरलं
की माळा चुरचुरतात,
तेलात ओली मेथी पडावी तशा.

माझ्या गणितात पाच पायऱ्या.
नवं, बरं, मध्यम, वाईट, उतरवा.
वस्तू खालच्या पायरीवर जाते, वर येत नाही,
आणि उद्या ती कुठे असेल
हे फक्त आजवरून ठरतं.
काल काय झालं ते गणित विचारत नाही.
असं धरलं की समीकरण सुटतं.

हे मी हिराजी मढवींना सांगितलं.
दिवे गावचे, अडतीस वर्षं लाइनीवर,
भरती बघून होडीनं मनोऱ्यापर्यंत जाणारे.
तंबाखू मळत म्हणाले,
"मंग चवदा नंबरचा काय?
त्याला बार्ज घासून गेली व्हती.
तवापासून वाऱ्यान येगलाच हालतो तो.
तुजे कागदावर बरा हाय."

त्यांच्या वह्या मागवल्या.
खत कंपनीनं वाटलेल्या डायऱ्या, दमटपणानं फुगलेल्या,
मधली दोन वर्षं उंदरांनी नेलेली.
महिनाभर उतरवून घेत होते.
'नऊ नंबर, मधली माळ, आवाज करते.'
'सहा. डँपर घसरला. वर सरकवला.'
'बावीस. घारीचं घरटं. पिल्लं आहेत. पुढच्या महिन्यात.'
आणि पानोपानी,
जिथे बिघडलेलं काही नाही
पण हातही निघत नाही, अशा जागी:
'बघून ठेवणे.'

'बघून ठेवणे'ला आकडा कोणता द्यायचा?
मी अडीच दिला.
साहेबांनी विचारलं, अडीच कुठून आला?
म्हटलं, अनुभवावरून.
कोणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

सगळ्यात अवघड त्या वस्तू,
ज्या मोडण्याआधीच उतरवल्या.
कुणाला तरी शंका आली, बदलून टाकल्या.
वर्षभर टिकल्या असत्या की आणखी तीस,
आता कळायला मार्ग नाही.
त्यांच्यापुढे आम्ही एक बारीक अधिक काढतो:
इथवर शाबूत होती, पुढचं माहीत नाही.
हिराजींच्या हद्दीत रकानाच्या रकाना अधिक.
अडतीस वर्षांत तुटलेलं: तीन.
संगणक कुरकुरतो, माहिती अपुरी.
शिकण्यापुरतं काही मोडलेलंच नाही.

मे महिन्यात त्यांनी मला चौदा नंबरवर नेलं.
पान्यानं पायाच्या लोखंडावर एक टोला दिला,
कान लावला, मला लावायला सांगितला.
"काय आयकतेस?"
"गुणगुण."
"ती समद्यांनाच. तिचे खालचा आयक."
मी ऐकलं. खालचं मला
पाणी वाटलं, होडी वाटली, माझंच रक्त वाटलं.

एकतीस तारखेला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.
हजेरीपटात कारकुनानं त्यांच्या ओळीला तारीख घातली.
मी पुढे, मनातल्या मनात, एक अधिक काढला.

आता ड्रोन जातो.
चौदा नंबरचे चारशे बारा फोटो आले,
एकेक स्क्रू मोजता येईल इतके स्वच्छ.
निकाल: बरं.
यादीत पाचच पर्याय, सहावा टाकायला जागा नाही,
म्हणून शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं,
चौदा. बघून ठेवणे.

शनिवारी भरती सकाळी साडेसातची आहे.
दिव्याहून होडी सांगितलीय, दोन माणसांची.
भाड्याची पावती कुठल्या खात्यात घालायची
ते नंतर बघू.